तीनदा हुकलं की कुलूप

जयमाला सबनीसला गाडी चालवता येत नव्हती. सांगलीला असताना तिने लूना चालवली, पुण्यात स्कूटी, आणि जपानात सेंदाईला आल्यावर सायकल. तरी गेली अडीच वर्षं ती सकाळी नऊपासून संध्याकाळी आठपर्यंत मोटारगाड्यांसाठीच राबत होती. पुण्याच्या कंपनीने तिला कॉन्ट्रॅक्टवर इथे पाठवलं होतं, आणि इथल्या कंपनीत ती गाडीतल्या एका हीटरच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहीत होती.

हा हीटर म्हणजे इंजिनाच्या उष्णतेवर चालणारा नेहमीचा नव्हे. हा बुटांच्या खोक्याएवढा डबा, पुढच्या सीटखाली बसवलेला. इंजिन बंद असतानाही तो टाकीतून थोडं थोडं डिझेल ओढून घ्यायचा, आपल्या पोटात जाळायचा आणि गाडीत गरम हवा सोडायचा. रात्री टायमर लावून झोपावं. पहाटे तो आपला आपण पेटतो, आणि मालक मफलर गुंडाळत खाली येईपर्यंत काचेवरचा बर्फ वितळलेला असतो, सीट ऊबदार झालेली असते. उत्तरेकडच्या लोकांना याची किंमत अंगाने कळायची. जयमालाला ती ग्राफवर दिसायची.

पंखा कधी फिरवायचा, डिझेल कधी सोडायचं, ज्योत लागली की नाही हे कसं ओळखायचं आणि नाही लागली तर काय करायचं, हे ठरवणारा कोड तिचा होता. त्यात एक नियम होता. पेटण्याचा प्रयत्न लागोपाठ तीनदा हुकला की हीटरने स्वतःला कुलूप लावून घ्यायचं. मग बटण कितीही दाबा, तो ढिम्म. डीलरकडे नेऊन, कॉम्प्युटर जोडला तरच ते कुलूप निघायचं. स्पेकमध्ये, म्हणजे हीटरने कसं वागावं याच्या लेखी नियमांत, तसं लिहिलं होतं, तिने तसं केलं होतं. तीनच का, हे तिने कधी विचारलं नव्हतं. अडीच वर्षांत एवढं तिच्या अंगवळणी पडलं होतं, की स्पेकला 'कसं' विचारावं, 'का' विचारू नये.

नवरा, प्रसन्न, टोकियोत एका बँकेच्या प्रोजेक्टवर होता, फुनाबोरीला राहायचा. दर दुसऱ्या शनिवारी दोघांपैकी एक जण शिनकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये बसे. मुलाबाळांचा विषय दोघांनी कॉन्ट्रॅक्टच्या एक्स्टेन्शनसारखा दर मार्चला पुढे ढकलला होता.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत सेक्शनचे प्रमुख अराकावा-सान तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "जाया-सान, यंदा थंडीच्या टेस्टला तुम्हीही चला. कोड लिहिणाऱ्याने एकदा थंडी बघितलेली बरी." तिच्या नावातली माला पहिल्याच महिन्यात ऑफिसात गळून पडली होती.

टेस्ट उत्तरेच्या होक्काइदो बेटावर, दहा दिवसांची. दोन गाड्या सेंदाईहून फेरीबोटीने गेल्या. माणसं तीन: जयमाला, पंचविशीतला इनोउए, आणि कुदो-सान.

कुदो-सानना साठ पूर्ण व्हायला दोन महिने होते, मार्चअखेर निवृत्ती. माणूस उत्तरेच्या टोकाचा, त्सुगारूकडचा. आपल्या माणसांत बोलायला लागला की जयमालाला त्यातलं अक्षर कळत नसे, पण तिच्याशी बोलताना तो टीव्हीवर बातम्या देणाऱ्यासारखं एकेक शब्द सुटा करून बोलायचा. पस्तीस वर्षं त्याने थंडीत हीटरपाशी उभं राहण्यात काढली होती. ग्राफकडे तो बघत नसे. गाडीशेजारी उकिडवा बसून डिझेलचा छोटा पंप टक, टक, टक करतो तो ऐकायचा, धुराचा वास घ्यायचा, आणि वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहायचा. पेन का नाही, असं तिने पहिल्या दिवशी विचारलं. उत्तर म्हणून त्याने तिचंच बॉलपेन मागून घेतलं आणि कागदावर ओढून दाखवलं. शाई गोठली होती.

गावात एकच खानावळवजा लॉज होता. मालकीणबाई न्याहारीची ताटं साडेसातला उचलायच्या, मग समोर कुणी बसलेलं असो की नसो. एक गाडी लॉजच्या अंगणात उभी असे. दुसरी नऊ किलोमीटर वर, पठारावर, कुरणांच्या मधल्या एका मोकळ्या पार्किंगमध्ये. तिथे वारा अडवायला एक झाड नव्हतं. पहाटे इनोउए या दोघांना भाड्याच्या तिसऱ्या गाडीने वर सोडायचा, खाली येऊन अंगणातली गाडी बघायचा, आणि आठला त्यांना न्यायला परत यायचा. टायमर पाच पन्नासचा.

पाच दिवस सगळं सुरळीत चाललं. उणे पंधरा, उणे अठरा, एकदा उणे वीस. मधे एकदा पहिला प्रयत्न हुकला आणि दुसऱ्यात पेटला. कुदो-साननी वहीत एक फुली मारली, एवढंच.

सहाव्या दिवशी वर पोचायला सात-आठ मिनिटं उशीर झाला. रस्त्यावर भुरभुरता बर्फ होता आणि इनोउए जपून चालवत होता. त्यांना उतरवून तो लगेच वळला. कुदो-साननी थर्मामीटरवर टॉर्च मारला. उणे सत्तावीस.

हीटरचा पंखा चालू होता. जयमाला गाडीत शिरली, कुदो-सान बाहेर खाली बसला. टक, टक, टक. गाडीखालून पांढरा धूर आला आणि जमिनीलगत सरपटत गेला. डिझेल येतंय पण पेटत नाही, एवढं तिलाही त्यावरून कळलं. मग टकटक मंद झाली, थांबली. पंखा थोडा वेळ फिरला आणि तोही थांबला. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला.

"कुलूप," ती म्हणाली.

कुदो-सान आत येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसला. "म्हणजे आपण यायच्या आधी दोनदा हुकला, आणि हा तिसरा."

"तसंच दिसतंय."

त्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, दहा-बारा सेकंद धरलं आणि विझलं. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा नुसती घरघर झाली. तो उतरला, बॉनेट उघडून टॉर्च तोंडात धरून काहीतरी सोडवलं, बघितलं, आणि परत येऊन दार लावून घेतलं.

"डिझेल गोठलंय," तो म्हणाला. "मेणासारखं झालंय. इथल्या पंपावर मिळतं ते डिझेल वेगळं असतं, या थंडीसाठी बनवलेलं. सेंदाईचं इथे चालत नाही. बोटीतून उतरल्यावर टाकी रिकामी करून इथलं भरायचं असतं. इनोउए-कुनने विचारलं होतं, रिकामी करू का म्हणून. अर्धीच आहे, वरून इथलं भरलं की निभेल, असं मी म्हटलं. ही चूक माझी आहे."

तिने हातमोजे घट्ट ओढून घेतले.

मग वारा सुटला. वरून बर्फ पडत नव्हता. जमिनीवर पडलेलाच वारा उचलून फेकत होता. पाच मिनिटांत बॉनेट दिसेनासं झालं. मोबाइलला पठारावर रेंज नव्हती. आठला इनोउए येईल, पण या वाऱ्यात त्याला रस्ता दिसेल का, हे दोघांनाही एकाच वेळी वाटलं असावं, कारण दोघांनीही घड्याळ बघितलं. सव्वासहा.

कुदो-सानच्या बॅगेत एक स्लीपिंग बॅग होती, चहाचा थर्मास होता आणि अंगाला लावायची गरम पुडकी, कायरो, सहा. स्लीपिंग बॅग त्याने तिच्या हातात दिली. "तुम्ही घ्या." तिने "नको, तुम्ही" म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "वाद घालण्यात ऊब जाते." ती त्यात कमरेपर्यंत शिरली. चार कायरो तिने घेतली, दोन त्याने. लॅपटॉप तिने जॅकेटच्या आत पोटाशी धरला होता. बॅटरी थंडीत मरते, हे ती पहिल्याच दिवशी शिकली होती.

अर्ध्या तासात काचा आतून पांढऱ्या झाल्या. श्वासाचाच बर्फ बनून छताला चिकटत होता. तिच्या पायाची बोटं आधी दुखत होती, नंतर दुखायची थांबली.

"कुदो-सान, मी कुलूप काढू शकते," ती म्हणाली. "लॅपटॉप जोडायचा, एक कमांड द्यायची. पंधरा सेकंद."

"नको."

"हीटरला इंजिनाएवढं डिझेल लागत नाही. नळीत थोडं पातळ राहिलं असेल. निदान दहा मिनिटं तरी..."

"तुम्ही धूर बघितलात ना?"

"बघितला."

"पांढरा होता. म्हणजे आतल्या भांड्यात न जळलेलं डिझेल आहे. तीनदाचं. आता ठिणगी पडली तर ते सगळं एकदम पेटेल."

"किंवा नीट पेटेल."

"किंवा नीट पेटेल," त्याने मान्य केलं. "एकोणनव्वद साली आमची टेस्ट आओमोरीला होती. तेव्हा कुलूपबिलूप नव्हतं. कितीदाही दाबा. हाताकेयामा म्हणून एक पोरगा होता, माझ्या हाताखालचा. त्याला लवकर आटपून जेवायला जायचं होतं. त्याने दाबलं, दाबलं, दाबलं. मीही काही बोललो नाही, मलाही भूक लागली होती. पाचव्या का सहाव्यांदा आग नळीतून बाहेर आली आणि गाडीच्या तळाला लागली. हाताकेयामा खाली वाकून बघत होता."

"मेला?"

"नाही. सफरचंदाच्या बागेत काम करतो आता. पुढच्या वर्षी स्पेक लिहिताना मला विचारलं, कुदो, कितीदा हुकल्यावर कुलूप लावायचं? दोनदा म्हटलं असतं तर गिऱ्हाईक वैतागलं असतं. चार म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी तीन म्हटलं."

जयमालाने तो आकडा कोडमध्ये एकदाच लिहिला होता, एका ओळीत. त्यामागे कुणी माणूस असेल असं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आपली बोटं परत मिळतील की नाही हा विचार तिला त्या क्षणी जास्त जवळचा होता, आणि याची तिला थोडी लाजही वाटली.

"तरीही," ती म्हणाली, "मी कमांड दिली तर तुम्ही मला अडवाल?"

"नाही," तो म्हणाला. "मी गाडीतून उतरेन, आणि तुम्हालाही उतरायला सांगेन. मग बाहेर उभे राहून आपण बघू."

तिने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर असं काही नव्हतंच. लॅपटॉप तिने जॅकेटमध्येच राहू दिला.

आठ वाजले, इनोउए आला नाही. कुदो-सान तिला दर पाच मिनिटांनी बोटं हलवायला सांगत होता आणि ती हलली का, हे विचारत होता. आपण हलवतो आहोत की नुसतं हलवायचं मनात आणतो आहोत, हे तिला सांगता येत नव्हतं. पावणेनऊला वारा जरा पडला. रस्त्याच्या कडेला बर्फात कडा दाखवायला उंच दांडे लावलेले असतात, त्यांतले चार दिसायला लागले.

"आता," तो म्हणाला. "पुढे सव्वा किलोमीटरवर गोठा आहे. माझ्या बॅगेचा पट्टा धरा. सोडू नका, आणि दांडा दिसेनासा झाला तर थांबा."

तो पुढे, ती मागे. दोनदा थांबावं लागलं. सव्वा किलोमीटर चालायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासाबद्दल नंतर तिला सांगण्यासारखं काही आठवलं नाही. फक्त पट्टा निळा होता एवढं आठवलं.

गोठा म्हणजे लांबच लांब पत्र्याची शेड. दार ओढून आत शिरल्यावर तिच्या चष्म्यावर धुकं चढलं आणि शेणाचा, चाऱ्याचा, ओल्या कातड्याचा ऊबदार वास आला. आत पाच-सहा अंश असतील, पण तिला भट्टीत आल्यासारखं वाटलं. दूध काढणारी सत्तरीची बाई सरळ झाली. शिराइशी-सान. तिने दोघांकडे बघितलं, यंत्र बंद केलं, आणि काही न विचारता जयमालाला उलट्या बादलीवर बसवून तिचे बूट ओढून काढले. सड धुवायला ठेवलेल्या कोमट पाण्याच्या बादलीत तिचे पाय बुडवले.

दोन मिनिटांनी जयमाला ओरडली. बोटांत जीव परत येतो तेव्हा काय होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"दुखतंय ना? मग चांगलं आहे," शिराइशी-सान म्हणाल्या. लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"भारत."

"अरे वा! तिकडे गाय देव असते म्हणे. मग माझ्याकडे चाळीस आहेत. नमस्कार करायचा असेल तर करा हं, मी तिकडे बघते."

"आमच्याकडे दूध पिशवीतून यायचं," जयमाला दात आवळून म्हणाली. "इतक्या जवळून गाय मी आज पहिल्यांदा बघतेय."

शिराइशी-सानना हे फार आवडलं. त्या वाकून हसल्या आणि कुदो-सानला त्यांच्या बोलीत ते परत सांगितलं. कुदो-सान कोपऱ्यातल्या फोनवरून लॉजला कळवत होता. तो हसला नाही. त्याचं तोंड अजून हलत नव्हतं.

अकराला बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग इनोउए आला. तो दोनदा अर्ध्यातून परत फिरला होता आणि रडवेला झाला होता. जयमालाच्या उजव्या पायाच्या दोन बोटांची कातडी काळपट पडली होती. गावातल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, कातडी जाईल, बोटं राहतील.

दुपारी एकला लॉजच्या खोलीत मीटिंग झाली. अराकावा-सान सेंदाईहून स्पीकरफोनवर होते. कुदो-साननी सगळं जसं घडलं तसं सांगितलं, टाकी रिकामी न करण्याचा निर्णय माझा होता असं सांगितलं, आणि फोनसमोर कमरेत वाकून माफी मागितली. फोनला ते दिसणार नव्हतं. पलीकडून अराकावा-सान म्हणाले, "रिपोर्टमध्ये इंधनाचं कारण लिहू. कुलपाने आपलं काम बरोबर केलं, हेही लिहा. माणसं सुखरूप आहेत हे महत्त्वाचं." मीटिंग बारा मिनिटांत संपली.

तोवर इनोउएने ट्रॅक्टरवाल्याला घेऊन वरची गाडी ओढून आणली होती. तीनच्या सुमाराला जयमालाने कंट्रोलरमधला लॉग, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाची नोंद, उतरवून घेतला. रिपोर्टला जोडायचा म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं.

लॉगमध्ये त्या सकाळचे प्रयत्न दोनच होते. पाच पन्नासला पहिला. मग दुसरा, त्यांनी बघितलेला. पहिल्या प्रयत्नापुढे हुकल्याचा आकडा लिहिलेला होता, दोन. दुसऱ्यापुढे तीन. मोजणी एकपासून सुरू झाली होती.

तो एक कुठून आला हे शोधायला तिला वीस मिनिटं लागली. दोन दिवसांपूर्वी पहिला प्रयत्न हुकला होता, दुसऱ्यात हीटर पेटला होता. पेटल्यावर हुकल्याची मोजणी शून्यावर यायला हवी. तिने ती शून्यावर आणली होती, पण हीटर पूर्ण चाळीस मिनिटं चालून आपोआप बंद झाल्यावर. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही गाडी लवकर गरम झाली म्हणून कुदो-साननी बटण दाबून तो हाताने बंद केला होता. हाताने बंद केलं तर शून्य करायचं, हे तिच्याकडून राहून गेलं होतं. तो एक तसाच आत बसून राहिला.

तिने प्रसन्नला फोन केला. आधी त्याने पायांची चौकशी केली, डॉक्टरांचं नाव विचारलं, मी येऊ का म्हणाला. मग तिने हे सांगितलं.

"पण डिझेल गोठलं होतं ना?" तो म्हणाला. "मग तिसऱ्यांदाही पेटला नसताच."

"बहुतेक नसता."

"मग? कुणाच्या लक्षात आलंय का?"

"नाही."

"जयू, मार्चमध्ये तुझं एक्स्टेन्शन आहे. त्या माणसाने स्वतःहून सगळं अंगावर घेतलंय. पुढच्या व्हर्जनमध्ये गुपचूप तीन ओळी टाक आणि मोकळी हो. खोटं कुठे बोलतेस तू?"

"लोक रोज हातानेच बंद करतात रे. गाडी गरम झाली की कोण चाळीस मिनिटं थांबतंय? एखाद्याचा नोव्हेंबरात एकदा हुकेल, डिसेंबरात एकदा, आणि जानेवारीत एका सकाळी पहिल्याच फटक्याला कुलूप. आणि तो माणूस कुठे असेल तेव्हा?"

"ते तू ओळी टाकल्यास की होणारच नाही."

"पाचशे नमुने कस्टमरकडे चाललेत पुढच्या आठवड्यात. याच कोडचे."

"मग सांग," प्रसन्न म्हणाला. "पण आधी तोंडी सांग. लगेच मेल टाकू नकोस."

कुदो-सान खालच्या खोलीत स्टोव्हसमोर हातमोजे वाळवत बसला होता. जयमाला लंगडत जाऊन त्याच्यासमोर बसली आणि लॉगचा कागद त्याच्यापुढे ठेवला. सगळं सांगायला तिला दहा मिनिटं लागली. काही शब्द जपानीत सापडले नाहीत, तिथे तिने रेघा काढून दाखवल्या.

त्याने कागद बघितला नाही. "मी अंगावर घेतलं होतं," तो म्हणाला. आवाजात राग होता, आणि तो तिला अपेक्षित नव्हता. "विषय मिटला होता."

"माहीत आहे."

"म्हणजे एक प्रयत्न बाकी होता."

"हो."

"तेव्हा लॅपटॉप जोडला असता तर हे दिसलं असतं?"

"कदाचित. तुम्ही जोडू दिला नाहीत."

त्याने हातमोजा उलटा करून दुसऱ्या बाजूने धरला. "जोडू दिला नाही ते बरोबर होतं," तो म्हणाला. "धूर पांढरा होता. दोनदा असो नाहीतर तीनदा."

"मी चूक होतं असं म्हणत नाहीये."

"मग अराकावा-सानना लिहा. आजच लिहा. उद्या लिहिलंत तर रात्रभर विचार केला असं दिसेल." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पाय?"

"दुखतायत."

"चांगलं."

सहाच्या आत तिने मेल पाठवला. जपानीत लिहिला, त्यात तीन चुका राहिल्या, त्या तिला पाठवल्यावर दिसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अराकावा-सानचा फोन आला. आधी बराच वेळ नुसतं "हम्म" ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, दुरुस्ती किती दिवसांत होईल. ती म्हणाली, झाली आहे, तपासायची आहे. मग तपासा, ते म्हणाले. शाबासकी दिली नाही, बोलही लावला नाही.

उरलेले तीन दिवस त्यांनी तेच तपासलं. टाकी पूर्ण रिकामी करून इथलं डिझेल भरलं. आता हीटर शहाण्यासारखा पहिल्या झटक्यात पेटायला लागला, त्यामुळे तो मुद्दाम हुकवावा लागे. कुदो-सान गाडीखाली आडवा होऊन डिझेलची नळी पकडीने दाबून धरायचा आणि ती आतून आकडा वाचायची. एकदा हुकवला, पेटू दिला, हाताने बंद केला. "किती?" खालून आवाज. "शून्य." दुसऱ्या दिवशी लागोपाठ दोनदा हुकवला. लाल दिवा लागला नाही. तिसऱ्यांदा त्याने नळी सोडली. पंप ठेक्यात टकटकायला लागला, दोन मिनिटांनी पंख्याचा आवाज चढला आणि गरम हवा तिच्या गुडघ्यांवर आली. मग त्याने लागोपाठ तीनदा हुकवून दाखवला, आणि कुलूप लागलं. तेही तिने लिहून घेतलं.

त्या कबुलीची किंमत लागायची ती लागली. पाचशे नमुने तीन आठवडे अडकले. सेंदाईला परतल्यावर दुसऱ्या टीमची दोन माणसं अकरा दिवस तिच्या शेजारी बसून तिचा कोड ओळ न ओळ वाचत होती. त्यांना आणखी दोन बारीक चुका सापडल्या. एक्स्टेन्शन वर्षाऐवजी सहा महिन्यांचं मिळालं. पुण्याहून मॅनेजरने फोनवर, पुढच्या वेळी आधी आम्हाला विचारत जा, एवढंच सुनावलं. कुदो-सानच्या निवृत्तीच्या दिवशी खाली हॉलमध्ये फुलं दिली, फोटो काढले. ती वर त्या कोडच्या वाचनात अडकली होती. खाली उतरली तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या उचलायचं काम चाललं होतं. त्याला पत्र लिहावं असं तिने ठरवलं आणि लिहिलं नाही.

हीटर ऑक्टोबरात बाजारात आला. सहा महिने संपल्यावर तिला आणखी सहा मिळाले होते, त्यामुळे त्या हिवाळ्यात तक्रारींची यादी महिन्याच्या महिन्याला तिच्या टेबलावर यायची. जानेवारीत कुलूप लागलेले चार हीटर होते. चारही लॉग तिने मागवून घेतले आणि स्वतः वाचले. चारही हीटर खरोखरच लागोपाठ तीनदा हुकले होते. एका गिऱ्हाइकाने तक्रारीच्या फॉर्मवर शेवटी, शेऱ्याच्या जागेत लिहिलं होतं: सकाळी पेटला नाही. बसने गेलो.